पाणी कुठल्या पायरीला आहे?

प्रश्न असा आला आहे: "वडिलांना जाऊन सात महिने झाले. अस्थी कराडच्या संगमावर सोडल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार वेळा संध्याकाळी घाटावर जाऊन बसतो. वाहतं पाणी बघत बसलं की मन शांत होतं, आयुष्याकडे नीट बघता येतं, असं सगळेच सांगतात. पहिली दहा मिनिटं बरं वाटतंही. मग तेच ते विचार फिरायला लागतात आणि आलो त्याहून जड होऊन उठतो. पाणी बघायचं म्हणजे नेमकं करायचं काय? तुम्ही उभं आयुष्य नदीवर काढलंत, म्हणून विचारतो."

उभं आयुष्य नाही, एकतीस वर्षं. तीही बरीचशी पुलाखाली. नदीची पातळी वाचायची, धारेचा वेग मोजायचा, विसर्ग (सेकंदाला किती पाणी जातं ते) काढायचा आणि आकडे वर कळवायचे, हे माझं काम. "पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं" असं लोक बोलता बोलता म्हणतात. आम्हाला फोन यायचा, नेमकं किती गेलं ते सांगा. तेव्हा ध्यानधारणा शिकवणारा माणूस म्हणून माझं उत्तर वाचू नका. पाणी बघण्याचा पगार घेतलेल्या माणसाचं उत्तर म्हणून वाचा.

मला वाटतं, पहिली दहा मिनिटं तुम्ही पाणी बघता. त्यानंतर बघत नाही. डोळे नदीकडे असतात एवढंच.

हे टोमणा म्हणून सांगत नाही, माझंही झालेलं आहे. नोकरीचं तिसरं वर्ष, जानेवारी महिना. त्या दिवसांत नदी दिवसाला बोटभरही हलत नाही. घरी आजारपण होतं, डोकं तिकडेच. दोन दिवस सकाळी आठच्या वाचनाला मी मोजपट्टीपर्यंत उतरलोच नाही, वर काठावर बसून आदल्या दिवशीचाच आकडा वहीत उतरवला. आमच्यात एक जुने गेज-वाचक होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. त्यांनी वही पाहिली, काही बोलले नाहीत, मला खाली घेऊन गेले. वरच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले होते आणि पाणी चांगलं वीतभर चढलं होतं. "सकाळी इथं बसून बिडी ओढलीस ना अर्धा तास?" म्हणाले. "मग डोळे घरी ठेवून आलातास का?"

पहिल्या दहा मिनिटांत बरं का वाटतं, याचं एक साधं स्पष्टीकरण मानसशास्त्रात आहे. मिशिगन विद्यापीठातल्या रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने ते मांडलं. कामात आपण लक्ष ओढून-ताणून एका जागी लावतो आणि ते थकतं. पाणी, ढग, पानांची सळसळ या गोष्टी लक्ष हळुवार धरून ठेवतात, जोर लावावा लागत नाही. तेवढ्या वेळात थकलेला भाग विसावा घेतो. इथवर कुणीही घाटावर बसला तरी त्याला फुकटात मिळतं. पण विसावलेलं मन पुढे स्वतःच्या जुन्या उद्योगाला लागतं. तिथून पुढे त्याला काम द्यावं लागतं. मी देतो ती कामं पाणी मोजणाऱ्याची आहेत.

पहिलं काम: दगड शोधा. संगमावर उन्हाळ्यात पाणी बऱ्याचदा उभंच वाटतं, तिथे हे साधणार नाही. सुरुवातीला एखादा ओढा बघा, किंवा नदी जिथे खडकांवरून उथळ होऊन जाते अशी जागा. पाण्यातून डोकं वर काढलेला एकच दगड निवडा, ताटाएवढा असला तरी पुरे. वीस मिनिटं त्याच्यापलीकडे जायचं नाही.

काय दिसेल ते सांगतो. दगडाच्या तोंडावर, म्हणजे वरच्या अंगाला, पाणी किंचित फुगलेलं असतं, उशीसारखं. दोन्ही बाजूंनी धार फाटते आणि तिच्या कडा काचेसारख्या ताणलेल्या दिसतात. दगडाच्या मागे मात्र पाणी उलटं येतं. हो, नदीच्या उगमाकडे. तिथे फेसाचा एखादा पुंजका किंवा वाळकं पान बघा: धारेबरोबर खाली गेलं असं वाटतं, मग कडेने वळतं, दगडाच्या पाठीला येऊन टेकतं, पुन्हा सुटतं. त्याच्याही पुढे हात-दोन हातांवर पाण्याची एक घडी पडलेली असते, ती जागची हलत नाही. लाट म्हणावी तर पुढे सरकत नाही. पाणी तिच्यातून धावत असतं आणि ती तिथेच उभी.

हे बघायला दहा मिनिटं लागतात, पटायला बरीच वर्षं. नदी म्हटलं की सगळ्यांना "वाहून जाणं" तेवढं सुचतं. काहीच टिकत नाही, सगळं क्षणभंगुर, वगैरे. अर्धंच खरं आहे ते. पाण्याचा एक थेंबही त्या घडीत राहत नाही आणि घडी तर काल होती तिथेच आज आहे. दगड आहे, उतार आहे, तोवर ती राहणार. लिओनार्दो दा विंचीने पाण्याचे असे आकार कागदावर उतरवले, आणि शेजारी लिहून ठेवलं की पाण्याची हालचाल केसांसारखी असते: एक ओढ वजनाची, दुसरी कुरळेपणाची. मला हे फार आवडतं, कारण तो माणूस आधी आकार बघत होता. अर्थ काढायची त्याला घाई नव्हती.

तुमच्या वडिलांची कुठली सवय तुमच्या हातात उतरली आहे हे मला माहीत नाही. तुम्हालाच माहीत असणार. दगडाकडे बघताना ती आठवली तर आठवू द्या, पण मुद्दाम शोधू नका.

एक गंमत सांगून ठेवतो, नाहीतर घाबराल. धारेकडे मिनिटभर टक लावून पाहिलं आणि मग नजर काठावरच्या खडकावर नेली, तर खडक धारेच्या उलट्या दिशेने सरकताना दिसतो. चक्कर नव्हे ती. स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी रॉबर्ट अॅडम्स यांना हे दिसलं आणि त्यांनी १८३४ मध्ये ते लिहून प्रसिद्ध केलं. एकाच दिशेची हालचाल बघून डोळ्यामागची यंत्रणा थकते आणि थोडा वेळ उलटा कौल देते. काही सेकंदांत जातं. माझ्या हाताखाली नव्याने आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच दाखवायचो. आपण बघतो त्यात आपला किती वाटा असतो, हे त्यांना भाषणाशिवाय कळायचं.

दुसरं काम पहिल्याच्या उलट. प्रवाहाचा अभ्यास करणारे दोन तऱ्हांनी बघतात आणि त्या तऱ्हांना अठराव्या शतकातल्या दोन गणितज्ञांची नावं आहेत. एका जागी उभं राहून समोरून काय काय जातं ते नोंदवायचं, ही ऑयलरची तऱ्हा. एकच कण धरून त्याच्याबरोबर जायचं, ही लाग्रांजची. दगड बघितलात ती पहिली. आता वाळकी काडी पाण्यात सोडा आणि तिच्याबरोबर काठाने चाला.

आम्ही हेच पोटासाठी करायचो. काठावर तीस मीटर मोजून दोन खुणा करायच्या, काडी वरच्या खुणेच्या थोडी अलीकडे सोडायची, घड्याळ लावायचं. तीस मीटरला चाळीस सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला पाऊण मीटर. पण हा नदीचा वेग नव्हे. त्याला साधारण ०.८५ने गुणावं लागतं, तेव्हा सरासरी मिळते. वरचं पाणी मोकळं पळतं, तळाचं पाणी खडक-वाळूला घासत रेंगाळतं. म्हणून वेग मोजायचं यंत्र आम्ही वर धरत नसू; दोन मीटर खोल पाणी असेल तर वरून १.२ मीटरवर, म्हणजे खोलीच्या सहा-दशांशावर. तिथे मिळतो तो वेग अख्ख्या उभ्या थराच्या सरासरीच्या जवळ जातो.

घाटावर बसणाऱ्याला पाण्याची पाठ तेवढी दिसते आणि तो नदी "पळतेय" असं धरून चालतो. लोक तुम्हाला म्हणत असतील, सात महिने झाले, आता सावरायला हवं. ते वरचा वेग बघून बोलतात. खाली वेळ लागतो. ही त्यांची चूक नाही आणि तुमचीही नाही.

काडीबद्दल अजून थोडं सांगायला हवं, कारण तुम्ही अस्थींचं लिहिलंत. मनातल्या मनात तुम्ही त्या राखेच्या मागे जात असणार. सगळेच जातात, आणि मनातला नकाशा सरळ असतो: संगम, मग सांगली, नरसोबाची वाडी, कर्नाटक, विजयवाडा, समुद्र. कृष्णा महाबळेश्वरापासून बंगालच्या उपसागरापर्यंत सुमारे १,४०० किलोमीटर जाते हे खरं. पण पाणी सरळ जात नाही हो. संगमाच्या जरा खाली टेंभूला ते अडवतात आणि पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून आटपाडी, सांगोल्याकडे नेतात. पुढे ताकारी, म्हैसाळच्या अशाच उपसा योजना. त्याच्याही पुढे अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणं. संगमावर कृष्णेला मिळते त्या कोयनेचं तर विचारूच नका: धरणात साठलेल्या पाण्यातला मोठा हिस्सा बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे जाऊन वीज करतो आणि वाशिष्ठीतून कोकणात उतरतो. महाबळेश्वराच्या एकाच डोंगरावरचा पाऊस, थोडा पूर्वेच्या समुद्राला, थोडा पश्चिमेच्या. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, शेवटही शोधू नये असं मी त्यात जोडतो. वडील समुद्राला मिळाले की आटपाडीच्या डाळिंबाला, हे कुठलंही खातं तुम्हाला सांगू शकणार नाही. मला विचाराल तर डाळिंब काही वाईट नाही.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो: तेच ते विचार गोल फिरणं.

एकदा निघोजला जाऊन या. अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यात, कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. आपला काळा बेसाल्ट, छिन्नी लावली तरी दमवणारा. त्यात माणूस उभा मावेल असे गोल खड्डे. ते पाण्याने केले हे अर्धंच उत्तर. नुसतं पाणी त्यावरून युगानुयुगं गेलं असतं तरी इतका गोल रांजण झाला नसता. खडकात कुठेतरी खोलगा असतो, तिथे भोवरा पडतो, भोवऱ्यात गोटे अडकतात. ते गोटे बाहेर पडू शकत नाहीत, एकाच जागी फिरत राहतात आणि फिरता फिरता कातळ खोदतात. खड्डा खोल झाला की भोवरा अजून पक्का होतो. उन्हाळ्यात काही खळग्यांच्या तळाशी ते गोटे बघायला मिळतात, अगदी गुळगुळीत, तेही झिजलेले असतात.

निघोजच्या काठावर उभा राहिलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दगडामागचा साधा भोवरा आणि हा भोवरा यांत फरक कशाचा आहे. दगडामागचं पान फिरतं आणि सुटतं. खळग्यातला गोटा सुटत नाही, कारण तो जड आहे आणि खड्डा त्याच्यापेक्षा खोल आहे. तुमचे गोल फिरणारे विचार यांतल्या कुठल्या जातीचे, हे तुम्ही तपासा. पानाच्या जातीचे असतील तर फिरू देत, दोन-चार फेऱ्यांनी जातील. गोट्याच्या जातीचे असतील, म्हणजे "मी दवाखान्यात लवकर न्यायला हवं होतं" असलं एखादं वाक्य रोज तिथेच येत असेल, तर नदीकडे बघून ते निघत नाही. गोटा हात घालून बाहेर काढावा लागतो, म्हणजे कुणाशी तरी ते वाक्य मोठ्याने बोलावं लागतं. भाऊ असेल, आई असेल. झोप आणि भूक महिनोन् महिने गेली असेल तर डॉक्टर. नदीवर माझा जीव आहे, पण तिला हे काम येत नाही. "वाहून जाऊ द्या" हा सल्ला देणाऱ्यांचा मला थोडा राग येतो तो याचमुळे. पाण्याला उताराशिवाय दुसरं काही समजत नाही. त्याच्याकडून किती शिकायचं याला मर्यादा आहे.

"उथळ पाण्याला खळखळाट फार" ही म्हणही जरा तपासून घ्या. खळखळ होते ती पाण्यात हवा अडकते म्हणून. बुडबुडे तयार होतात, थरथरतात, त्याचा तो आवाज. उथळ जागी पाणी दगडांवर फुटतं, हवा आत घेतं. त्या हवेतला प्राणवायू खालच्या डोहातल्या माशांना उपयोगी पडतो. म्हण बनवणाऱ्याने डोह मोठा ठरवला आणि उथळाला बोल लावला. माझी आई वडील गेल्यावर वर्षभर मोठ्याने बोलायची, सगळ्यांशी, सारखी. आम्हाला वाटायचं, हिला काही झालेलंच नाही.

तिसरं काम सगळ्यात कोरडं आहे आणि मी त्यालाच सगळ्यात जास्त मानतो: पातळी लिहिणं. एका जागी, एका वेळी, रोज. आमची वेळ सकाळी आठ. पुराच्या दिवसांत तासातासाला. पातळी लिहिताना एक गोष्ट कळते जी नुसतं बघून कधीच कळत नाही.

सांगलीचा आयर्विन पूल घ्या, १९२९ सालचा. तिथे इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. २०१९च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आता समजा पूर चढतोय आणि पट्टीवर ४५ फूट आहेत. काही दिवसांनी पूर ओसरतोय आणि पट्टीवर पुन्हा ४५ फूट. बघ्याला वाटतं पाणी तेवढंच आहे. तेवढं नसतं. चढत्या पुरात पाण्याच्या पाठीला उतार जास्त असतो, धारेला ओढ असते, त्या पातळीला जास्त पाणी जात असतं. ओसरताना उतार मंदावलेला असतो, तीच पातळी असून कमी पाणी जातं. पातळी आणि विसर्ग कागदावर मांडले तर एक रेघ येत नाही, वेटोळं येतं: चढायची वाट वेगळी, उतरायची वेगळी. नदीचा उतार कमी असेल तिथे हे वेटोळं जास्त रुंद होतं.

याच वेटोळ्यात अजून एक गोष्ट दडलेली असते. सगळ्यात जास्त विसर्ग आधी होऊन जातो आणि सगळ्यात वरची पातळी त्यानंतर येते. गावात लोक भिंतीवर खूण करतात, "इथपर्यंत पाणी आलं होतं." ती खूण झाली तेव्हा पुराचा जोर उतरायला लागलेला होता. हे मी पहिल्यांदा आलेखावर पाहिलं तेव्हा तात्यांना दाखवायला गेलो. त्यांनी आलेख उलटासुलटा करून बघितला, म्हणाले, "हे तर नावाड्याला पण ठाऊक असतंय." असेलही. मला ठाऊक नव्हतं.

तुम्ही लिहिलंत, आलो त्याहून जड होऊन उठतो. कदाचित खरंच तसं असेल. पण एकट्या आकड्यावरून मी कधी विसर्ग कळवला नाही, आदल्या दिवशीचा आकडा शेजारी लागायचा. आज जड वाटणं आणि तिसऱ्या महिन्यात जड वाटणं पट्टीवर एकच दिसलं तरी चढतं आहे की उतरतं, ते वही असल्याशिवाय कळायचं नाही.

तेव्हा वही घ्या, साधी, दोनशे पानी कशाला, शंभर पुरे. रोज जायला जमत नसेल तर जाल त्या दिवशी. तारीख, वेळ आणि पाणी घाटाच्या कुठल्या पायरीला आहे एवढं लिहा. शेजारी स्वतःबद्दल एकच ओळ, तीही कोरडी: झोप किती, जेवलो का, आज कोणाशी बोललो. तत्त्वज्ञान लिहू नका. ते आपोआप येऊन बसतं आणि जागा खातं. वीस मिनिटांच्या वर बसू नका. आम्हीसुद्धा आकडा घेतला की वर येऊन चहा घ्यायचो.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून दोन गोष्टी. कोयना साधारण १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) धरण आहे. ११,५७४ क्युसेकने, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, चोवीस तास सोडलं की एक टीएमसी होतं, आणि भर पावसात सोडतात ते याच्या कितीतरी पट असू शकतं. ते पाणी संगमावर पोचायला काही तास लागतात, तोवर तुमच्या डोक्यावर ऊनही असेल. विसर्ग वाढवल्याची बातमी असेल त्या दिवशी खालच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसायचं नाही. त्या दिवशी वरच्या अंगाला, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीच्या बाजूला उभे राहा. तिथून कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडताना दिसतात, आणि दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे असले तर मध्ये शिवण पडल्यासारखी रेघ दिसते. ती रेघ कुठवर टिकते ते बघा, तेही लिहा.

आणि पायऱ्या वरून मोजा. नवखे खालून मोजायला लागतात, आणि पहिल्याच मोठ्या पावसात त्यांची एक नंबरची पायरी पाण्याखाली जाते.